एडनवरून की तेहरानवरून

हायम मास्तर वाकरूळकरांना पनवेलनं रीतसर निरोप दिला होता. शाळेनं शाल आणि नारळ दिला, आळीनं चहा-चिवड्याचा कार्यक्रम केला आणि मशिदीत मलिदा झाला. पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं असा तो मलिदा प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन सगळ्यांनी खाल्ला, प्रवास सुखाचा होवो म्हणाले, बायकांनी मास्तरांच्या बायकोच्या, जोकबेदच्या, गळ्यात पडून रडून घेतलं. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं, की ज्या माणसानं दोन पिढ्यांना जगाचा नकाशा शिकवला तो आता स्वतः त्या नकाशावर चालायला निघाला आहे. त्यावर खूप टाळ्या पडल्या.

आणि एवढं सगळं होऊन महिना उलटला, तरी मास्तर पनवेलातच होते.

झालं ते असं. एकसष्ट साल नुकतंच उजाडलं होतं. मास्तरांची एकुलती एक मुलगी रोझी लग्न होऊन इस्राएलात, बेरशेबा नावाच्या गावी गेली होती. नवरा एझरा तिथं कारखान्यात होता. रोझीला दिवस गेले आणि तिनं आईला हाक मारली. इथलं आवरून तुम्ही दोघं कायमचेच या, असं जावयानंही कळवलं. आळीतली निम्मी घरं माणसं तिकडं गेल्यानं तशीही रिकामी झाली होती. मास्तरांनी नोकरीचा राजीनामा दिला, घर विकलं आणि ठरल्या दिवशी दोघं ट्रंका घेऊन सांताक्रूझच्या विमानतळावर जाऊन बसली. जाणारी मंडळी एका विमानाला पुरतील एवढी जमली, की त्यांना एकदम न्यायचं अशी व्यवस्था होती. मुंबईहून तेहरान, तेहरानला विमान बदलून लोद, म्हणजे इस्राएलचा विमानतळ.

सकाळी बसली ती संध्याकाळपर्यंत बसूनच राहिली. न्यायला येणारं विमान तेहरानच्या बर्फात अडकलं होतं. शेवटी कोट घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, आज काही होत नाही, आपापल्या घरी जा, पुढची तारीख कळवू.

बायका रडायला लागल्या. जोकबेद रडली नाही, पण ट्रंकेवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मास्तरांना मात्र त्या घटकेला काहीतरी विचित्र झालं. दिवसभर छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून नेल्यासारखं वाटलं. सकाळपासून त्यांना घास उतरत नव्हता. आता एकदम कडकडून भूक लागली. बाहेर येऊन त्यांनी गाडीवरचे बटाटेवडे घेतले आणि उभ्या उभ्या सगळे खाल्ले. जोकबेद त्यांच्याकडे बघत होती. तिला वाटलं, बिचारे उपाशी होते.

आपापल्या घरी जा, हे त्या कोटवाल्याला सांगणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी ठाण्यावरून येणाऱ्या एसटीनं दोघं पनवेलला उतरली, टांग्यात ट्रंका घातल्या आणि जे घर आता त्यांचं नव्हतं त्याच्या दारात येऊन उभी राहिली. घर घेतलं होतं उरणकडच्या गंगाबाईनं. ती सुक्या मासळीचा धंदा करायची, नवरा काळूराम मचव्यावर खलाशी होता. गंगाबाई लुगडं वर खोचून ओटी धूत होती. टांगा बघून ती थबकली.

"काय झालं बाय? इमान चुकला?"

"आलंच नाही," जोकबेद म्हणाली.

"मग उभ्या का? आत या. मागली खोली मोकळी हाय. तुमचा इमान येस्तवर रवा."

मागची खोली म्हणजे पूर्वी लाकडं आणि जातं ठेवायची जागा. एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. मास्तर त्या घरात जन्मले होते, पण त्या खोलीत कधी झोपले नव्हते. ट्रंका एकावर एक रचल्या तेव्हा दोन अंथरुणांपुरती जमीन उरली.

गंगाबाई मनानं मोठी होती. बेने इस्राएल लोक खवल्यांची मासळी खातात, कोलंबी-चिंबोरी खात नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं आपण होऊन सांगितलं, "बाय, तुमचा टोप तुमी वायला ठेवा. आमी कोलब्या भायेर अंगनात शिजवू." आणि तसं ती करायचीही. भर उन्हात अंगणात तीन दगड मांडून बसायची. ते बघून जोकबेदला जास्तच मेल्यासारखं व्हायचं. ज्या चुलीशी ती पंचवीस वर्षं वावरली, ती पेटवण्याआधी तिला विचारावं लागे, "गंगाबाई, तुमचं झालं का?" आणि ज्या बाईचं घर होतं ती आपल्याच स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसे. दोघीही एकमेकींना जपत होत्या, आणि दोघींनाही त्याचा जाच होत होता.

मास्तरांचा जाच निराळा. त्यांना बाहेर पडायची चोरी झाली. पहिल्या दिवशी सवयीनं ते टपाल नाक्यावर गेले, तर पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं, "सर, तुम्ही अजून इथंच?" कुणी वाईट हेतूनं विचारत नव्हतं. पण तीच गोष्ट, बर्फापासून कोटवाल्यापर्यंत, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. चौथ्या-पाचव्या माणसाला सांगताना मास्तरांना स्वतःच्याच गोष्टीची लाज वाटायला लागली. ज्याला हार घालून बोळवलं तो माणूस पुन्हा बाजारात भाजी निवडताना दिसला, की लोकांनाही कुठं बघावं कळेना. मास्तर मागच्या बोळातून ये-जा करू लागले. शाळेत एकदा डोकावले. त्यांचे तास एका तरुण मास्तराकडे गेले होते. तो अदबीनं उठून उभा राहिला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली. ती त्यांचीच खुर्ची होती. मास्तर बसले नाहीत.

पुढची तारीख आली. आदल्या दिवशी निरोप आला की विमानाच्या इंजिनात बिघाड आहे. त्याच्या पुढची तारीख आली, तेव्हा दोन कुटुंबं आजारी पडून माणसं कमी झाली होती, म्हणून तीही गेली.

मास्तरांचा चुलतभाऊ मनासे मुंबईला फोर्टमध्ये एका प्रवास कचेरीत कामाला होता. मास्तर दर आठवड्याला त्याच्याकडे जाऊन बसू लागले. येताना वेगवेगळ्या विमान कंपन्यांची वेळापत्रकं घेऊन येत. खिडकीखाली बसून ती वाचत. मग त्यांनी खडू घेतला आणि खोलीच्या जमिनीवर नकाशाच काढला. अरबी समुद्र, इराणचं आखात, तांबडा समुद्र, आफ्रिकेची शिंगासारखी बाजू, सगळं हातचं होतं, बघावं लागलं नाही. जोकबेद अंथरूण घालायच्या आधी आफ्रिकेला वळसा घालून जायची.

"हे बघ," मास्तर तिला सांगत, "रस्ते तीन. पहिला तेहरानवरून. सगळ्यात जवळचा. पण या दिवसांत तिथं बर्फ. शिवाय माणसं जमल्याशिवाय विमान नाही. दुसरा रोमवरून. मोठी नवी विमानं, वेळेची पक्की. पण ती वाटेत कैरोला उतरतात, आणि इजिप्तचं इस्राएलशी वैर. आपल्या हातात इस्राएलचा व्हिसा. तिथल्या अंमलदारानं खाली उतरवलं तर आपण कुणाच्या दारात जायचं?"

"मग तो नको," जोकबेद म्हणे.

"नकोच. मनासेही नको म्हणतो. तिसरा एडन आणि नैरोबीवरून. म्हणजे आधी इकडं खाली आफ्रिकेत जायचं आणि मग परत वर यायचं. निव्वळ द्राविडी प्राणायाम. एडनला विमान तेल भरायला थांबतं. नैरोबीला उतरून दुसरं विमान पकडायचं. पहिल्याला उशीर झाला की दुसरं गेलं."

"पण ते निघतं तरी ना?"

"निघतं."

"मग त्यानं जाऊ."

"बघू. मनासेला विचारतो."

जोकबेद बोटांवर मोजत होती. निघाले तेव्हा रोझीला सातवा होता. आता आठवा सरत आला होता. परक्या गावात, परक्या भाषेतल्या दवाखान्यात तिचं पहिलं बाळंतपण. जोकबेदनं बाळंतिणीसाठी अळीव, डिंक, सुंठ, वावडिंग असं सगळं ट्रंकेत तळाशी बांधून घेतलं होतं. मधूनमधून ती ट्रंक उघडून त्याला किडे तर लागले नाहीत ना, ते बघायची.

त्या आठवड्यात मास्तर मुंबईला गेले तेव्हा मनासेनं त्यांना बघताच हातातलं काम बाजूला ठेवलं.

"हायमदादा, काम झालं. बुधवारच्या दोन जागा आहेत. एडन, नैरोबी, लोद. दोन माणसांनी रद्द केल्यात. आत्ता हो म्हण, मी नावं घालतो."

मास्तरांनी हो म्हणायला तोंड उघडलं. सांताक्रूझला उचलला गेलेला तो दगड पुन्हा छातीवर येऊन बसला. त्यांना विमानाचं दार दिसलं, ते बंद होताना दिसलं, आणि त्याच्या पलीकडे एक असं गाव दिसलं की जिथं त्यांना सर म्हणणारं कुणी नव्हतं. जिथं दुकानाची पाटीही वाचता येणार नव्हती. प्रार्थनेतली हिब्रू येत होती, पण त्या भाषेत भाजी कशी मागायची ते ठाऊक नव्हतं. पूर्वी तिकडं गेलेली आणि कंटाळून परत आलेली काही माणसं त्यांनी पाहिली होती. त्यातला एक चांगला शिकलेला गृहस्थ तिकडं रस्त्याच्या कडेला झाडं लावत होता.

"जोकबेदची तब्येत बरी नाही," मास्तर म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, इतका लांबचा प्रवास झेपायचा नाही. तेहरानचंच बघू."

हे वाक्य आपण आधी ठरवलं नव्हतं, एवढंच समाधान ते परतीच्या एसटीत स्वतःला देत राहिले. मुंब्र्याच्या वळणावर त्यांनी एकदा ठरवलं, की घरी गेल्यावर खरं सांगायचं. पण दारात जोकबेद उभीच होती.

"काय म्हणाले मनासे भावजी?"

"एडनचं विमान भरलं."

आत जाऊन तिनं ट्रंक उघडली आणि बंद केली.

एकदा खोटं बोललं की त्याची राखण करावी लागते. मास्तर आता मनासेकडे एकटेच जात, जोकबेद बरोबर येते म्हणाली की एसटीतली गर्दी सांगत. आठवडा गेला. मास्तर दिवसाचे तास मोजत खोलीत पडून राहत. शाळेची घंटा तिथवर ऐकू यायची. प्रत्येक घंटेला त्यांना आठवे, आता सातवी अ, आता आठवी ब. मागं जायचं दार त्यांच्याच सहीनं बंद झालं होतं, आणि पुढचं उघडलं तेव्हा त्यांनीच ओढून घेतलं होतं. मधल्या त्या लाकडांच्या खोलीत ते बसले होते आणि सोबत जोकबेदलाही कोंडून ठेवलं होतं.

रविवारी मनासे पनवेलला आला. त्याची मावशी आळीत राहायची, तिला भेटून तो इकडं डोकावला. जोकबेद पडवीत तांदूळ निवडत होती, मास्तर आत होते. भाऊ आल्याचं त्यांना आवाजावरून कळलं, पण उठून बाहेर यायच्या आत त्याचं विचारून झालं होतं.

"काय वहिनी, तब्येत कशी आहे आता?"

"माझ्या तब्येतीला काय झालंय?"

"नाही, दादा म्हणाला, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलाय. म्हणून तर बुधवारच्या त्या दोन जागा सोडल्या ना आपण. एडनच्या."

मास्तर दाराच्या आत, भिंतीला हात लावून उभे होते. बाहेर सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"आता बरी आहे," जोकबेद म्हणाली. "चहा घेऊन जा भावजी."

मनासे चहा पिऊन गेला. जोकबेदनं कपबश्या विसळल्या, पालथ्या घातल्या, आणि खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "चला, तळ्यावर जाऊन येऊ."

त्या घरात भांडायलासुद्धा जागा नव्हती. दोघं वडाळे तळ्याच्या काठी जाऊन पायरीवर बसली. दुपारची वेळ होती, पलीकडे कुणी म्हशी धूत होतं.

"तुम्हाला यायचं नाही का?" जोकबेदनं विचारलं.

"यायचं आहे."

"मग माझ्या नावावर का घातलंत? स्वतःला बरं नाही म्हणायचं होतं."

मास्तरांनी सांताक्रूझची गोष्ट सांगितली. विमान येणार नाही म्हटल्यावर आपल्याला भूक लागली, हे सांगितलं. "तुला वाटलं मी उपाशी होतो. मला आनंद झाला होता, जोकबेद. तेव्हापासून मी रस्ते बघतोय, आणि प्रत्येक रस्त्यात खोट दिसली की बरं वाटतंय."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्यासमोर नकाशे काढत होतात..."

"तिथं मी कोण आहे, सांग. जावयाच्या घरात कोपऱ्यात बसणारा म्हातारा. या वयात अ आ पासून शिकायचं. चुकलो की पोरं हसणार."

"आणि इथं कोण आहात?" जोकबेदचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं ते ऐकणं अधिक कठीण होतं. "इथं गंगाबाईच्या लाकडांच्या खोलीत लपून बसलेले गृहस्थ आहात. बोळातून जाता-येता. मीही त्याच खोलीत आहे. मला कोण विचारणार? माझी पोर तिकडं एकटी आहे, आणि मी इथं दुसरीच्या चुलीपाशी उभी राहून विचारतेय, तुमचं झालं का."

मास्तर पायरीवर बोटानं रेघा ओढू लागले.

"मी जाते," ती म्हणाली. "एक जागा मिळाली तरी जाते. कुठल्याही रस्त्यानं. तुम्ही तुमचा रस्ता ठरला की या."

जोकबेदनं आयुष्यात एकटीनं ठाण्यापलीकडे प्रवास केला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती मास्तरांना न विचारता एसटीत बसली आणि थेट मनासेच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. एडनच्या विमानात एकच जागा होती. तिनं ती घेतली. निघायच्या आधीचे दिवस ती चालताबोलता पुटपुटत राही, एडनला बसून राहायचं, नैरोबीला उतरायचं, लोदला रोझी. मास्तरांनी तिला इंग्रजीतली चार वाक्यं शिकवली. तिनं ती नीट पाठ केली, पण त्यांच्याकडे बघून नाही.

सांताक्रूझला विमान वेळेवर सुटलं. आत जाताना जोकबेद वळली आणि म्हणाली, "गंगाबाईंचा तांब्या माझ्या टोपात राहिलाय, तो देऊन टाका." बस्स, तेवढंच.

मास्तर खोलीत परत आले. एक अंथरूण कमी झालं म्हणून जागा वाढायला हवी होती, पण ट्रंक गेलेल्या रिकाम्या कोपऱ्यानं खोली आणखी लहान वाटू लागली. गंगाबाई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी ती दारात येऊन चुळबुळत उभी राहिली.

"मास्तर, राग मानू नका. बळीरामचं लगीन ठरलंय, माज्या पोराचं. सून येल तवा ही खोली लागंल. तुमाला घाई नाय. पन कवा जाताव, कायतरी तारीक सांगा."

"तारीख माझ्या हातात नाही, गंगाबाई," मास्तर म्हणाले.

महिनाभर हे वाक्य ते सगळ्यांना सांगत आले होते आणि लोकांना पटतही होतं. गंगाबाई "बरं" म्हणून गेली. मास्तर मात्र अस्वस्थ झाले. या बाईशीही आपण खोटं बोललो, असं त्यांना वाटलं.

जोकबेद पोचल्याची तार यायला हवी होती, ती आली नाही. आणखी एक दिवस वाट बघून मास्तर मुंबईला गेले. मनासे त्यांना बघून उभाच राहिला.

"मीच येणार होतो, दादा. घाबरू नको. विमान एडनला अडकलंय. इंजिन गेलं. नवा भाग यायचाय, तोवर सगळ्यांना तिथंच एका हॉटेलात ठेवलंय. नैरोबीचं पुढचं विमान अर्थातच चुकलं. ते आठवड्यातून एकदाच असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे एडन सुटलं तरी नैरोबीत थांबावं लागणार."

मास्तर खुर्चीवर बसले. एडन. दरवर्षी सातवीला ते एडन शिकवत. अरबस्तानच्या टोकाशी, जुन्या ज्वालामुखीच्या कुशीत, इंग्रजांचं कोळशाचं बंदर, पाऊस जवळजवळ नाही, पिण्याचं पाणी दुर्मीळ. परीक्षेत हमखास यायचं. आणि आता त्यांना कळत होतं की एडनबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. तिथं एका बाईला आपल्या धर्माला चालेल असं जेवण मागायचं असेल तर ती कुणाशी बोलेल, तिथल्या हॉटेलाच्या खोलीला आतून कडी असते का, ती आत्ता या क्षणी कुठं बसली असेल. चार वाक्यं शिकवली होती. त्यातलं एकही ‘मी इथं अडकले आहे’ असं नव्हतं.

"मनासे, मला तिकडं जाता येईल का? एडनला?"

"जाऊन काय करशील? पोचेपर्यंत ती निघालेली असेल, मग तू अडकशील." मनासेनं समोरची वही ओढली. "तेहरानचं विमान परवा आहे. माणसं जमली आहेत. एक जागा देऊ शकतो. पण दादा, या वेळी तब्येतीचं वगैरे..."

"नाव घाल," मास्तर म्हणाले.

दगड छातीवर होताच. तो जाईल अशी वाट बघण्यात अर्थ नाही, एवढं त्यांना त्या खुर्चीवर कळलं.

गंगाबाईला त्यांनी तारीख सांगितली. तिनं वाटेसाठी तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि काळूरामनं ट्रंक डोक्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत आणली. या वेळी मास्तर बोळातून गेले नाहीत. टपाल नाक्यावरून गेले. पानवाल्यानं विचारलं, "सर, आज नक्की का?" मास्तर म्हणाले, "ठाऊक नाही. निघालोय खरा."

मुंबईहून विमान सुटलं, पण तेहरानला पुन्हा तेच. धावपट्टीवर बर्फ, पुढचं विमान थांबलेलं. काचेच्या एका मोठ्या दालनात सगळ्यांना बसवलं. बाहेर पांढरं, आत शेगडीची ऊब, आणि कुणाला काही सांगता येईना. मास्तर बाकावर बसून होते. सांताक्रूझला आली होती तशी सुटकेची भावना येते का, ते बघत होते. ती आली नाही. आली ती नुसती चीड. शेजारच्या बाकावर अलिबागकडची एक म्हातारी कुडकुडत होती, तिला त्यांनी शाळेनं दिलेली शाल पांघरायला दिली आणि दर थोड्या वेळानं उठून चौकशीच्या खिडकीशी जाऊन तिथल्या माणसाला विचारत राहिले, केव्हा. तो त्यांना बघून कंटाळला. अखेर दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ काढून झालं आणि विमान उडालं.

लोदला एझरा न्यायला आला होता. तो हसत होता आणि त्याचे डोळे लाल होते. आदल्या रात्री रोझीला मुलगी झाली होती, दिवसांआधीच. आई कुठं आहेत, त्यानं विचारलं. मास्तरांनी सांगितलं, नैरोबीला असतील, किंवा अजून एडनला.

दवाखान्यात रोझीनं बापाच्या पाठीमागे दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, आई?" मास्तरांनी बाळ हातात घेतलं. ते घेताना आपण दुसऱ्याची वस्तू उचलतो आहोत असं त्यांना वाटत राहिलं.

जोकबेद आली तेव्हा बाळ घरी आलं होतं. लोदला मास्तर एकटे गेले. ती विमानातून उतरली ती काळवंडलेली, पायांना सूज आलेली, हातात एक पिशवी. त्यांना तिथं उभं बघून ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग तिनं पिशवी खाली ठेवली.

"मुलगी झाली," मास्तर म्हणाले. "दोघी बऱ्या आहेत."

"केव्हा?"

त्यांनी सांगितलं.

"तुम्ही होतात?"

"दुसऱ्या दिवशी पोचलो."

बसमध्ये बसल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मी निघाले, आणि पोचलात तुम्ही." बुधवारच्या त्या दोन जागा घेतल्या असत्या, तर ती रोझीच्या उशाशी असती. हे दोघांनाही माहीत होतं. बरंच अंतर गेल्यावर ती आपण होऊन एडनचं बोलायला लागली. हॉटेलातलं ती काही खायची नाही, नुसता पाव आणि केळी. मग तिथल्या एका यहुदी घरातून तिला डबा येऊ लागला. त्या घरच्या बाईची भाषा तिला कळत नव्हती, पण दोघी शब्बाथची, आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, दुआ एकत्र म्हणाल्या. हे सगळं ती खिडकीला सांगत होती. मास्तर ऐकत होते.

मास्तरांना तिकडं शिकवायचं काम मिळालं नाही. संत्र्यांच्या वखारीत पेट्यांवर गावांची नावं घालायचं मिळालं, आणि संध्याकाळी भाषेच्या वर्गात ते विशीतल्या पोरांबरोबर बसू लागले. चुकले की पोरं हसायची. मास्तर घरी येऊन चुकलेला शब्द मोठ्यानं घोकायचे. जोकबेद त्यांच्याशी लागेल तेवढंच बोले. कमीही नाही, जास्तही नाही.

तिनं बाळाचं न्हाणं मात्र आल्या दिवसापासून हातात घेतलं. मोरीत पाय पसरून बसायची, पायांवर बाळाला पालथं घालायची, खोबरेल जिरवायची. दवाखान्याच्या बायका नको म्हणत होत्या, ती ऐकत नव्हती. एका सकाळी रोझी झोपली होती, एझरा कामावर गेला होता. मास्तर दारात वही घेऊन शब्द पाठ करत उभे होते. बाळ पायांवर होतं, जोकबेदचे दोन्ही हात तेलानं माखलेले.

"ती वही ठेवा," ती म्हणाली. "आणि पाणी बघा जरा. कढत नाही ना?"

मास्तरांनी वही ठेवली, बाही वर केली आणि बादलीत कोपर घातलं.

"थोडं गार पाणी घालावं लागेल," ते म्हणाले.

"मग घाला की. आणि इथंच बसा, तांब्या द्यायला कुणीतरी लागतं."